रीलमधली शांतता, आंजर्ल्यातली कुलपं

कोकणावरचं रील ओळखायला आता आवाज चालू करावा लागत नाही. पहिला शॉट ड्रोनचा, माडांच्या शेंड्यांवरून समुद्राकडे सरकणारा. दुसऱ्यात चिऱ्याच्या पायऱ्या उतरणारी पावलं, शक्यतो अनवाणी. तिसऱ्यात चुलीवरचं काहीतरी वाफाळतं. चौथ्यात पडवीतल्या झोपाळ्यावर पाठमोरं बसलेलं कुणीतरी, हातात चहाचा कप. पाचवा सूर्यास्त. वर एखादा शब्द: सुख, स्वर्ग, शांतता. हल्ली ‘हीलिंग’. पंचवीस-तीस सेकंदांत सगळं आटोपतं आणि तुमचा अंगठा पुढे सरकतो.

रील आंजर्ल्याचं असेल तर पहिला शॉट कुठून घेतलाय तेही सांगता येतं. कड्यावरच्या गणपतीकडे चढणाऱ्या रस्त्यावर एक जागा आहे, तिथून खाली माडांची दाट पट्टी, पुळण आणि लांबवर हर्णैचा सुवर्णदुर्ग एका चौकटीत बसतो. तिथे उभं राहिलं की कुणाचाही हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. माझाही जातो. आंजर्लं माझं आजोळ आहे, मी वाढले डोंबिवलीत.

या रील्सकडे आपण ‘टाइमपास’ म्हणून बघतो आणि सोडून देतो. मला ते बरोबर वाटत नाही. आपल्या पिढीनं कोकणाबद्दल जे काही केलंय, त्यातलं सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेलं हेच आहे. कथा-कादंबऱ्यांना, सिनेमाला आपण जे प्रश्न विचारतो ते या प्रकारालाही विचारायला हवेत. यात कोण दिसतं? कोण दिसत नाही? बोलतं कोण? आणि हे सगळं बघून झाल्यावर आपल्याला काय हवंसं वाटायला लागतं?

माझं म्हणणं एवढंच आहे: रील जिला शांतता म्हणतं, ती बऱ्याच ठिकाणी माणसं निघून गेल्यानंतर उरलेली शांतता आहे. ती सुंदर दिसते यात खोटं काही नाही. पण ती कशी आली हे सांगायला या प्रकारात जागाच ठेवलेली नाही, आणि त्याची किंमत गावात राहिलेली तरुण पोरं मोजतायत.

रीलच्या आधीचं कोकण

कोकणाला गोड करून दाखवण्याचा मान रीलला देण्याचं कारण नाही. माड, पोफळी, लाल माती आणि आजीच्या हातची घावनं हा ऐवज मराठी ललित लेखनानं कित्येक दशकं वापरलाय. पण त्याच साहित्यानं दुसरं कोकणही दाखवलं. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालची. हा सगळा दापोली तालुक्याचाच मुलूख. निसर्ग तिथेही भरपूर आहे, पण तो नुसता बघायला नाही. पोफळीच्या बागा म्हणजे सुपारी, सुपारी म्हणजे पैसा, आणि गावानं ओवाळून टाकलेला बापू त्याच व्यापारात वर येऊन गावाच्या नाकावर टिच्चून राधेबरोबर संसार मांडतो. तिथल्या माडाला मालक आहे, पोफळीला भाव आहे, विहिरीवर कोण येतं यावर गावाचा डोळा आहे.

पुलंचा अंतू बर्वा रत्नागिरीचा. त्याच्या तिरकसपणाखालचा एकटेपणा ज्याला ऐकू आला नाही, त्याला फक्त विनोद मिळाला. अलीकडचं बघायचं तर अविनाश अरुणचा ‘किल्ला’. बदलीवर आलेली आई, वडील गमावलेला अकरा वर्षांचा मुलगा आणि गुहागर परिसरातला पाऊस. सगळ्या चौकटी इतक्या देखण्या की कुठलीही कापून रील करता येईल. पण तो पाऊस मुलाच्या अंगावर पडतो तेव्हा त्यात हीलिंग नसतं. किल्ल्यात एकटा राहिलेला पोरगा भेदरलेला असतो. कॅमेरा सुंदर असूनही माणसाला सोडत नाही. ड्रोन असं करू शकत नाही असं नाही. पण पाठमोऱ्या माणसाला चेहरा दिला की त्याचं काहीतरी म्हणणं निघतं, आणि म्हणणं निघालं की रील लांबतं.

वस्तीचंही तसंच. रीलमधलं घर बहुतेक वेळा एकाच प्रकारचं असतं: कौलारू, पुढे खळं, मागे आगर, ताटात उकडीचे मोदक. दापोलीच्या किनाऱ्यावर कुणबी, भंडारी, कोळी, मुसलमान, बौद्ध अशा सगळ्यांच्या वस्त्या आहेत. हर्णैचा मासळीचा लिलाव रीलला आवडतो, पाण्यात घातलेल्या बैलगाड्या तर फारच. पण त्या गर्दीतल्या कोळणीला आज काय भाव मिळाला, डिझेलचा खर्च निघाला का, हे कुणी विचारत नाही. ज्या मोहल्ल्यांतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या आखातात कमवायला जातात, ते मोहल्ले तर या ‘स्वर्गा’च्या नकाशावरच नाहीत.

जून २०२०, जुलै २०२०

दोन तारखा शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली आणि मंडणगड तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. आंजर्लं, केळशी, हर्णै, मुरूड या पट्ट्यात घरांची छपरं उडाली, वाड्या आडव्या झाल्या, वीज यायला कित्येक गावांत आठवडे लागले. त्यात करोना. मुंबईहून आलेले चाकरमानी गावच्या शाळांमध्ये विलगीकरणात राहून नुकतेच घरी पोचले होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ जूनला, भारतात टिकटॉकवर बंदी आली. आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केली.

म्हणजे कोकणच्या माडांचा हा नवा चित्रप्रकार जन्माला आला, तेव्हा इथले माड जमिनीवर पडलेले होते. माझ्या मामाच्या आगरातून त्या पावसाळ्यात आकाश दिसायला लागलं. ज्यांना पोफळीची बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चांगल्या आगरात दुपारीही अंधारलेलं असतं. वरून माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरवेल. तिथे ऊन खाली पोचतं याचा अर्थ वरचं काहीतरी गेलंय. सरकारनं पुढे झाडावार मदत ठरवली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. गावठी माड लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं सहज लागतात, पोफळीही लगेच हाताशी येत नाही. वादळानंतर लावलेली रोपं आता कुठे माणसाच्या डोक्यावर गेली आहेत.

लॉकडाऊन उठल्यावर शहरातली माणसं मोकळा श्वास घ्यायला किनाऱ्यावर आली आणि वाचलेल्या माडांवरून ड्रोन उडाले. त्या वर्षांतली रील्स मी पुन्हा शोधून बघितली. माड आहेत, समुद्र आहे, गाणं आहे. आडवी झालेली वाडी मला क्वचितच दिसली. कुणी मुद्दाम लपवली असं मला वाटत नाही. पडलेली पोफळ चौकटीत आली की लोक पुढे सरकतात, आणि कुठे लोक थांबतात हे बनवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आकड्यांत दिसतं. लेखकाला संपादक सांगायचा, इथे फोनच सांगतो.

‘हीलिंग’ आणि घरी परतणं

‘हीलिंग’ हा शब्द फक्त आपला नाही. इंडोनेशियातली तरुण मंडळीही दोन दिवसांच्या सहलीला सर्रास ‘हीलिंग’ म्हणतात. जकार्तातल्या नोकरीचा शीण घालवायला डोंगर, समुद्र, कॅफे आणि संध्याकाळचा फोटो. त्याच देशात ‘मुदिक’ नावाची जुनी रीत आहे: ईदला शहरातली माणसं लाखोंनी गावी परततात, गाड्या-बोटी ओसंडून वाहतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. गणपतीला आणि शिमग्याला दादरच्या फलाटावर उभं राहिलं की मुदिकच दिसतो. आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथल्याच तरुणांनी एक हॅशटॅग उचलून धरला, ‘काबुर आजा दुलू’. म्हणजे साधारण ‘आधी इथून पळ तर काढू’. नोकऱ्या नाहीत, महागाई आहे, तर देशच सोडू.

सहल, गावी परतणं आणि पळ काढणं या तीन गोष्टी त्यांच्या भाषेत वेगवेगळ्या नावांनी समोर उभ्या आहेत. आपल्याकडे कोकणाच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टींची रील्स होतात. तिसरीचं होत नाही, कारण ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच इतकी अंगवळणी पडली की तिची बातमीही होत नाही. गिरण्यांच्या काळापासून रत्नागिरीचा मुलगा मिसरूड फुटलं की मुंबईला जातो.

आकडे बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी जिल्ह्याची मात्र घटली: सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. हा आकडा कौतुकानं सांगितला जातो. त्यातला मोठा भाग असा आहे की पुरुष कामासाठी बाहेर आहेत. आणि जे काम इथे आहे, ते करायला बाहेरून माणसं येतात. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी असतात. रीलमधल्या त्या सूर्यास्ताच्या पुढ्यातून जी बोट जाते, तिच्यावरचा पोरगा कदाचित स्वतःच्या डोंगरापासून दोन हजार किलोमीटरवर आला असेल. त्याचं हीलिंग कुठे होतं?

कुलूप आणि कोन

माझा एक मामेभाऊ आंजर्ल्यात राहिला. घरातच तीन खोल्यांचा होमस्टे चालवतो, बुकिंग इन्स्टाग्रामवरून घेतो, स्वतःच रील्स बनवतो. मी हा लेख लिहितेय म्हटल्यावर तो हसला. “ताई, सारवलेलं खळं टाकलं की चार फोन येतात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन टाकलं तर कोण येणार? तुझ्या समीक्षेनं मे महिन्याचं बुकिंग होत नाही.”

तो बरोबर बोलतोय, आणि या लेखातलं काहीही त्याच्या विरोधात नाही. त्याच्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं मुंबई-पुण्याला गेली. रील नसतं तर तोही गेला असता. मामीला स्वतःच्या स्वयंपाकाचे पैसे पहिल्यांदा मिळाले ते पाहुण्यांमुळे. हे खरं उत्पन्न आहे आणि ते घरात बाईच्या हातात येतंय. कोकणच्या रील्सना नाकं मुरडणाऱ्या आम्हा शहरी नातेवाइकांनी हे आधी मान्य करावं आणि मग बोलावं.

पण त्यानं मला शूटिंग करताना सोबत नेलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. घराचा शॉट तो नेहमी डावीकडून घेतो. उजवीकडून घेतला तर शेजारचं घर येतं. त्या घराला कुलूप आहे. कौलं बसलीत, माजघरातून एक उंबर वर आलाय. सातबाऱ्यावर सतरा-अठरा नावं, निम्मी माणसं ठाण्या-विरारला, दोन परदेशात, एकाचा पत्ता नाही. सगळ्यांच्या सह्या होत नाहीत म्हणून घर दुरुस्तही होत नाही आणि विकलंही जात नाही. अशी घरं कोकणात प्रत्येक वाडीत आहेत. पाहुणे जिला ‘काय शांतता आहे हो इथे’ म्हणतात, त्या शांततेतला निम्मा वाटा या घराचा. तिथे एकेकाळी अकरा माणसं राहत होती.

कोन बदलला की कुलूप दिसत नाही. बनवणाऱ्याची ही साधी व्यवहारी गरज आहे. पण अशी हजारो रील्स बनली की त्यांतून एक कोकण तयार होतं ज्यात जमीन आहे, झाडं आहेत, समुद्र आहे आणि हक्क सांगणारं कुणी नाही. हे चित्र आणखी एका प्रकारच्या रीलमध्ये जसंच्या तसं सापडतं: ‘सी-व्ह्यू प्लॉट, क्लिअर टायटल, दापोलीपासून वीस मिनिटं’. तोच ड्रोन, तीच माडांची पट्टी, कधीकधी तेच गाणं. आवाज बंद करून दोन्ही एकामागोमाग बघा. कुठलं मन:शांतीचं आणि कुठलं प्लॉटचं, हे ओळखता येत नाही. प्लॉटच्या जाहिरातीत माणसं नकोच असतात, कारण माणूस दिसला की वहिवाट, वाट, पाणी, वाटणी हे विषय निघतात. हीलिंगच्या रीललाही माणूस नको असतो, त्याची कारणं वेगळी. चित्र एकच निघतं. या प्रकारावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हा आहे.

आणि हे चित्र आता गावातल्या पोरांच्या डोक्यातही बसतंय. मामेभावानं गेल्या वर्षी सिमेंटच्या भिंतीवर चिऱ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल लावल्या. पाहुण्यांना ‘ओरिजिनल’ हवं असतं म्हणून. पावसाळ्यात छपरावर टाकायची निळी ताडपत्री पाहुणे यायच्या आधी काढतो, मग गळतं. घर रीलसारखं दिसावं म्हणून घरच्यांनी गळक्या खोलीत झोपायचं.

पन्नास दिवस आणि तीस सेकंद

रीलची वेळ आणि गावाची वेळ यांची टक्कर बघायची असेल तर कासव महोत्सवाला या. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांबरोबर सुरू केलेलं हे काम आंजर्ल्यातही रुजलं. ऑलिव्ह रिडले मादी हिवाळ्यात रात्री पुळणीवर येते, वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पूर्वी किनाऱ्यावर ही अंडी खाल्ली जायची, विकली जायची. आता गावातले कासवमित्र पहाटे पुळणभर चालत तिच्या पायांच्या खुणा शोधतात, कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी अंडी काढतात, कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि वाट बघतात. पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. जानेवारी २०२२ मध्ये याच आंजर्ल्यात एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव सावनी. वेळासची प्रथमा तिच्या आधीची. पश्चिम किनाऱ्यावरचा तो पहिला प्रयोग. काही महिने ठिपके येत राहिले, मग थांबले.

यात नाट्य आहे, पण ते ठरल्या वेळी होत नाही. गेल्या मार्चमध्ये मी सकाळी पुळणीवर होते. दीड-दोनशे माणसं दोरीमागे, फोन वर. कासवमित्रानं घरट्यावरची टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली, वाळू. संध्याकाळी पुन्हा बघू म्हणाला. मागून एक मुलगा म्हणाला, “पाच तास गाडी चालवून आलो, एक तरी सोडा ना.” त्याला चिडून काही उपयोग नाही. त्यानं पाहिलेल्या प्रत्येक रीलमध्ये पिल्लू पहिल्या तीन सेकंदांत बाहेर आलेलं असतं.

त्याच पुळणीवर जीप घालून पाणी उडवायची रील्सही होतात. भरतीत गाड्या अडकल्याच्या बातम्या दापोलीच्या किनाऱ्यावरून दर हंगामात येतात. टायरखाली वाळू घट्ट बसते आणि रात्री मादीला तिथेच खणायचं असतं.

रील हा प्रकार मुळात वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सिंधुदुर्गातला प्रसाद गावडे ‘कोकणी रानमाणूस’ या नावानं त्याच फोनवर, त्याच हिरव्या रंगात कोकण दाखवतो, पण त्याच्या चौकटीत माणूस समोर तोंड करून उभा असतो आणि जंगल, पाणी, जमीन कुणाच्या हातात चाललीये यावर बोलतो. सगळं पटतं असं नाही. काही वेळा त्याचंही कोकण फार पवित्र होतं. पण निदान वाद घालायला समोर कुणीतरी असतं. पाठमोऱ्या बाईशी वाद घालता येत नाही.

मामेभावाला मी एकच सुचवलं: एकदा उजवीकडून शॉट घे, कुलपासकट. खाली लिही की इथे कोण राहायचं. तो म्हणाला, बघू, पावसाळ्यात, तेव्हा तसंही बुकिंग नसतं.

या विषयावर मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं चित्रण एका कासवमित्राच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर होतं, चोवीस तासांत पुसलं गेलेलं. साधारण पन्नास सेकंद. पहाट पुरती फुटलेली नाही, गाणं नाही, चित्र हलतंय. पाण्यापासून वर आलेला आणि पुन्हा पाण्याकडे गेलेला रुंद माग दिसतो. मग वाळूत कोपरापर्यंत गेलेला हात. अंडी एकेक करून बादलीत ठेवली जातायत, आणि फोन धरलेला मोजतोय, झोपेतल्या आवाजात. एकाहत्तर, बाहत्तर. मध्येच कुणीतरी विचारतं, चहा आणलास का? तो म्हणतो, थांब, चुकेन. त्र्याहत्तर.